बूस्टर बसवला तो हिवाळा

धुळ्याहून जळगावला जाताना एरंडोल मागे पडलं की हल्ली मी गाडीच्या काचा वर करून घेते. डिसेंबर लागला की रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या शेतांतून धूर निघायला लागतो. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकलेली असतात आणि भोवती माणसं कोंडाळं करून बसलेली असतात. आमच्याकडे हिवाळा आला की नाही, हे लोक बाजारात हिरवी-पांढुरकी, हातभर लांब वांगी दिसायला लागली की ठरवतात. मग दोन-अडीच महिने जो उठतो तो कुणाच्या तरी मळ्यात भरीत खायला निघतो. परगावची माणसं त्या वासाने वेडी होतात. मीही व्हायचे. आता तो वास नाकात शिरला की पाठोपाठ मला ब्रेक ऑइलचा वास येतो. खरा नसतो, तरी येतो. मग पुढचे चार-पाच किलोमीटर मला रेडिओसुद्धा नकोसा होतो.

माणूस पन्नाशी ओलांडतो तेव्हा त्याच्या खात्यावर पन्नास हिवाळे जमलेले असतात, पण माझ्या मागे लागलाय तो एकच. ज्या हिवाळ्यात आम्ही नानांच्या गाडीला बूस्टर बसवला तो.

नाना म्हणजे माझे वडील. मूळचे साक्रीकडचे, आयुष्य जळगावात काढलं, पण तोंडातली अहिराणी काही सोडली नाही. जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांच्या पोटात हात घालण्यातच त्यांची उमर गेली. धुळ्याजवळचं एक जिनिंग बंद पडलं तेव्हा यंत्रं उतरवायला नाना गेले आणि मागच्या शेडमध्ये, वीतभर धुळीखाली, त्यांना ती गाडी सापडली. दोन माणसांची, उघड्या टपाची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी विलायती गाडी. मालकाच्या वडिलांनी तरुणपणी शर्यतीच्या हौसेने आणलेली. सीटमध्ये कोंबड्यांनी संसार मांडला होता. मालक म्हणाला, "फिटर, नेता येत असेल तर घेऊन जा. आम्हाला ती इथून हलवणंही जमायचं नाही." नानांनी ती ट्रॅक्टरमागे लोखंडी दांडा जोडून जळगावपर्यंत ओढत आणली. कंपनीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक फोटो मागतात.

त्या ओढून आणलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले होते रशीदचाचा. चाचांचं जळगावातच, मेहरूणला गॅरेज होतं. पूर्वी तेही जिनिंगमध्ये वेल्डर होते, नानांचे जोडीदार. वयाने दोघे सारखेच, पण चाचाही त्यांना नानाच म्हणत. गाडीला ब्रेक नावालाही नव्हता, तेव्हा धुळे ते जळगाव मी फक्त दुआ मागत आलो, असं चाचा अजून सांगतात. पुढची पाच-सहा वर्षं या दोघांनी मिळेल तो सुटा भाग जमवून, न मिळेल तो जिनिंगच्या लेथवर कातून ती गाडी उभी केली. माझे शाळेतले बहुतेक रविवार त्या गॅरेजमध्ये एका उलट्या डब्यावर बसून गेले. इतर मुलींचे वडील त्यांना मेहरूणच्या तलावावर भेळ खायला नेत. माझे वडील मला तलावापासून हाकेच्या अंतरावर नेत आणि हातात पाना देत.

ती गाडी पळायला देखणी होती, थांबायला मात्र महाकठीण. आत्ताच्या गाड्यांत पॅडलवर पाय टेकवला की गाडी शहाण्यासारखी उभी राहते, कारण मध्ये बूस्टर असतो, तो आपल्या पायाला जोर पुरवतो. नानांच्या गाडीत मध्ये कुणी नव्हतं. पायाचा जोर असेल तेवढाच ब्रेक. पाठ सीटला रेटायची, मांडीपासून ताकद लावायची, तेव्हा ती बया थांबायची. शेजारी बसलेल्याला नाना आधीच बजावत, "धरी बस." त्यांची उजवी मांडी डावीपेक्षा जाड आहे, असं आई चिडवायची. आई त्या गाडीत एकदाच बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "माझे केस आणि माझी कंबर, दोन्ही आज तुमच्या नावाने गेली." त्यानंतर तिने बसायचं नाव काढलं नाही.

साक्रीच्या आठवडे बाजाराला नाना मला त्या गाडीतून घेऊन जात. गाडी उभी राहिली की भोवती माणसांचं रिंगण पडे. एकदा पागोटंवाला एक म्हातारा वाकून वाकून बघत म्हणाला, "नाना, हाई गाडी शे का पायना?" पाळण्याएवढीच होती ती, त्याचं काय चुकलं? नाना म्हणाले, "पायनाच शे, आबा. बस, तुले झुलावस." आणि खरोखरच त्या म्हाताऱ्याला बसवून बाजाराला एक चक्कर मारून आणली. म्हातारा उतरला तेव्हा त्याचं पागोटं त्याच्या मांडीवर होतं आणि चेहऱ्यावर दहा वर्षांच्या पोराचं हसू होतं. नानांना तसं हसू लोकांच्या तोंडावर आणायला फार आवडायचं.

आता तो हिवाळा. आई जाऊन काही वर्षं झाली होती. नाना जळगावच्या घरात एकटे राहत, मी धुळ्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. अजूनही तेच करते. रविवारी मी जळगावला जायचे. त्या रविवारी नाना म्हणाले, चल, एरंडोलपर्यंत चक्कर मारून येऊ, आणि आम्ही निघालो. कापसाचे दिवस. रस्ताभर कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या. एका जिनिंगच्या फाटकातून अशी एक ट्रॉली मागे मागे येत रस्त्यावर आली. नानांना ती लांबूनच दिसली होती. त्यांनी ब्रेक दाबला. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं: पाठ सीटला रेटलेली, मानेची शीर ताणलेली, आणि गाडी मात्र चाललेलीच. अगदी शेवटी ती थांबली तेव्हा तिचं नाक ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या कापसात घुसलं होतं. कुणाला काही झालं नाही. ट्रॉलीवाला हसला. नानांच्या भुवयांना कापूस चिकटला होता आणि त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

"ब्रेक कडक व्हई गयात," ते म्हणाले. "दाबस तरी थांबत नही."

मी मान डोलावली. नानांनी यंत्राबद्दल काही म्हणावं आणि ते खोटं निघावं, असं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. पंख्याचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलंय हे ते खालच्या खोलीतून सांगत. तेव्हा त्यांनी ब्रेक म्हटलं म्हणजे ब्रेकच.

दुसऱ्याच रविवारी आम्ही गॅरेजमध्ये. चाचांनी आधी गाडी एकटेच घेऊन तलावापर्यंत फिरवून आणली. परत आले तेव्हा पाच मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले. मग म्हणाले, "हाँ नाना, थोडा कडक तो है." आज मला त्या वाक्यातलं ‘थोडा’ ऐकू येतं. तेव्हा मी डब्यावर बसून चहा पीत होते.

ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पॅडल दाबतो, दुसरा चाकाशी आडवा होऊन छोटं निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करतो. पॅडल तळाला गेलं की ते तसंच धरून ठेवायचं. खालचा माणूस निपल आवळतो, ‘छोड’ म्हणतो, तेव्हाच पाय उचलायचा. त्याआधी पाय उचलला की बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. इतकी वर्षं त्या गाडीवर आत नाना आणि खाली चाचा, ही जोडी ठरलेली होती. "दबाव." "दाबं." "पकड." "धरं." "छोड." मी लहानपणी ते ऐकत ऐकत डब्यावर पेंगत असे. दोघांना एकमेकांचं तोंडही दिसत नसे, तरी कधी चुकामूक झाली नाही.

त्या दिवशी ते जमेना. चाचा खालून "पकड" म्हणत, नाना "धरं" म्हणत, आणि निपलला नळीने जोडलेल्या बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडबुडे येतच राहत. एकदा, दोनदा, आठदा. एकदा चाचा निपल आवळून गाडीखालीच पडून राहिले. नुसते त्यांचे पाय बाहेर दिसत होते. मग सरकत बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "नाना, सील गया है. बदलना पडेगा." सील म्हणजे पॅडलमागच्या सिलिंडरमधलं रबर. चाचांनी ते बदललं. मग पुन्हा हवा काढायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "नाना, तुम इधर आओ, बुलबुले देखो. मेरी नजर अब वैसी नहीं रही. बेटी, तू बैठ अंदर." मी बसले. दाबलं, धरलं, सोडलं. चारही चाकांची हवा एका दमात निघाली. नाना बाटलीकडे बघत म्हणाले, "व्हई गयं. सीलच व्हतं."

मी पदार्थविज्ञान शिकवते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला सांगते. तिथे माझ्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी बदलल्या होत्या, सील आणि पाय. मला फक्त सील दिसलं.

पॅडल पुन्हा मजबूत झालं, पण नानांना ते कडकच लागायचं. घरात ते गप्प गप्प राहायला लागले. गाडीवर ताडपत्री घालून ठेवलेली. मग शहाणपणा सुचला तो मला. मी म्हटलं, नाना, आपण बूस्टर बसवू. पहिल्यांदा ते उखडलेच. जुन्या गाडीला असलं काही करायचं म्हणजे त्यांच्या लेखी म्हातारीला लिपस्टिक लावण्यातलाच प्रकार. मी फळ्यावर शिकवावं तसं त्यांना शिकवलं. इंजिन चालताना हवा ओढून घेतं. त्या ओढीला एक नळी जोडायची, ती एका डब्याला. डब्यात मध्ये पडदा. एका बाजूची हवा ओढली गेली की दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा पडद्याला ढकलते, आणि तोच जोर ब्रेकला मिळतो. म्हणजे पाय फक्त खूण करतो, दाबण्याचं काम हवाच करते.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "हवाच दाबी ऱ्हायनी ते मंग मनं काय काम?" ते म्हणाले.

मला तो विनोद वाटला. मी हसलेसुद्धा. आणि मग हट्टालाच पेटले. ते ऐकेनात तेव्हा शेवटी म्हटलं, "त्या दिवशी शेजारी मी होते, नाना. ट्रॉलीऐवजी दुसरं काही असतं तर?" हे असं कुणी बोलू नये. बोलले. त्यावर ते उठून आत गेले आणि जरा वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "कर. तुले जसं वाटी तसं कर."

एका मोडीत निघालेल्या छोट्या गाडीचा बूस्टर चाचांनी मिळवला. पण त्या बुटक्या गाडीच्या बॉनेटखाली जागा कुठे होती? चाचांनी बॅटरी मागे हलवली, डब्यासाठी पत्र्याची बैठक वेल्ड केली, ब्रेकचे नवे पाइप हाताने वाकवले. इंजिनाला नळीसाठी भोक पाडायचं होतं, ते नानांनी चाचांना पाडू दिलं नाही, स्वतः पाडलं. ड्रिल धरताना त्यांची मान एका बाजूला कललेली असायची. मी म्हटलं, मान अवघडली का? म्हणाले, थंडी शे. त्या हिवाळ्यात नाना सदरा घालतच नव्हते, डोक्यातून घालायची बंडी आणि वर स्वेटर. विचारलं की पुन्हा थंडीच. आणि खानदेशात ती थंडी अशी किती? सकाळी नऊ वाजता पळून जाते. पण मी बूस्टरच्या नादात होते. दर रविवारी गॅरेज, दर रविवारी ऑइलने काळे झालेले हात, आणि मला आपण वडिलांसाठी काहीतरी थोर करतोय असं वाटत होतं. खरं सांगायचं तर इतकी सुखी मी आई गेल्यानंतर झालेच नव्हते.

बूस्टर लागला की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. इंजिन बंद असताना पॅडल चार-पाचदा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि चावी फिरवायची. इंजिन सुरू झालं की पॅडल पायाखाली आपोआप जरासं खाली जातं. त्या दुपारी नाना बसले, पॅडल दाबून धरलं, चाचांनी बाहेरून हात आत घालून चावी फिरवली. पॅडल खाली गेलं. नाना खाली बघत राहिले. मग त्यांनी पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. आणि हसले. गेल्या दोन महिन्यांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. चाचा मात्र तोंड फिरवून हात धुवायला गेले. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं असेल. भरून आलंच होतं, कशाने ते मला माहीत नव्हतं.

पुढचा दीड महिना नानांनी गाडी जमिनीवर टेकू दिली नाही. पहिले दोन दिवस जुन्या सवयीने जोरात दाबत आणि गाडी अशी खाडकन थांबे की त्यांची टोपी काचेवर आपटे. मग हात बसला, म्हणजे पाय बसला. भुसावळला जाऊन आले, साक्रीला जाऊन आले. रावेरकडच्या एका केळीवाल्या स्नेह्यांच्या मळ्यात भरिताला आम्ही तिघं गेलो, मी आणि नाना त्या गाडीत आणि चाचा मागून मोटारसायकलवर. केळीच्या पानावर भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. कुणीतरी विचारलं, "नाना, आते गाडी कशी शे?" नाना म्हणाले, "लोनी शे. पाय लावा का थांबस." मी तिथे बसलेल्या प्रत्येकाला बूस्टर कसा चालतो ते समजावून सांगितलं. चाचा भाकरीचा तुकडा हातात घेऊन नुसते बसून होते. त्यांच्या पानातलं भरीत तसंच राहिलं.

कापूस संपला, वांगी संपली, होळीच्या आसपास नाना घराच्या पायरीवर पडले. पाय अडखळला नव्हता. "उचलनाच नही," म्हणाले. धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, तळव्यावर रेघ ओढली, मग एकदम विचारलं, "आजोबा, सदऱ्याची बटणं लावता येतात का?" मी नानांच्या बंडीकडे बघितलं. मानेचे मणके आतून वाढून त्यांनी मधली नस दाबत आणली होती, महिन्यामहिन्याने, जराजराशी. आधी पायाचा जोर जातो, मग हाताची बोटं बधिर होतात. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पुढचं थांबेल, पण जे गेलं ते परत मिळेल असं सांगता येत नाही. दिवाळीच्या सुमारास आला असतात तर गोष्ट वेगळी होती. "तेव्हा काही जाणवलं नाही का? चालताना, गाडी चालवताना?"

मी म्हटलं, "ब्रेक कडक लागायचा." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. माझ्या वडिलांच्या दुखण्याचं पहिलं लक्षण म्हणून ते वाक्य अजून त्या फाइलमध्ये आहे.

त्याचं मी काय करू, हे मला आजवर कळलेलं नाही. पॅडल हे एकटंच असं होतं, जे नानांना खरं सांगत होतं. रोज सांगत होतं, तुझा पाय गेलाय, तुझा पाय गेलाय. आणि मी, शिकली-सवरलेली त्यांची मुलगी, चार रविवार खपून त्याचं तोंड बंद केलं. ऑपरेशन झालं. हात बरेच सुधारले, पाय नाही. दोन हिवाळे नाना खुर्चीत होते. गेल्या वर्षी गेले.

लोक म्हणतात, तू चांगल्यासाठीच केलंस. केलंच की. म्हणून तर ते टोचतं. वाईटासाठी केलं असतं तर पश्चात्ताप करून मोकळी झाले असते. वर्गात आता मी हवेचा दाब शिकवते तेव्हा बूस्टरचं उदाहरण गाळते. पाठ्यपुस्तकात आहे, मुलं विचारतात. मी म्हणते, वाचून घ्या.

मागच्या आठवड्यात चाचांचा फोन आला, गाडी उभी राहून राहून बूस्टरचा आतला पडदा फाटला, पॅडल पुन्हा पहिल्यासारखं झालंय. दुसरा टाकू का? मी गेले. चाचा आता गॅरेज सकाळचंच उघडतात. मी गाडीत बसले आणि पाय ठेवला. कडक होतं. पाठ सीटला रेटली, मांडीपासून जोर लावला, तरी ते जेमतेम दोन बोटं सरकलं. बायकोचे टोमणे खात, साक्रीच्या म्हाताऱ्यांना फिरवत एक माणूस आयुष्यभर हे रोज दाबत होता. चाचांना म्हटलं, राहू द्या, आहे तसंच राहू द्या. ते हो म्हणाले आणि हत्यारं आवरायला लागले. आमच्यातलं बोलायचं ते तीन वर्षांपूर्वीच बोलून झालं होतं, नानांच्या समोर.

ऑपरेशननंतरचा तो पहिला हिवाळा. दुपारची वेळ, नाना खिडकीशी खुर्चीत, अंगावर शाल. चाचा आले ते मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. चहा आला, तो निवला. मग म्हणाले, "नाना, एक बात बोलनी है. वो सील खराब नहीं था."

नाना खिडकीबाहेर बघत होते.

"तुम्हारा पैर टिकता नहीं था. मैं नीचे से समझ गया था. पहले ही दिन. मुंह पे कैसे बोलता? फिटर आदमी को कैसे बोलता, कि मशीन ठीक है?" बोलता बोलता चाचांच्या मांडीवरची पिशवी कलली, एक मोसंबं घरंगळत पलंगाखाली गेलं, आणि ते उचलायलाही कुणी उठलं नाही.

"माले ठाऊक शे," नाना म्हणाले. "तू काढं ते सील मी डब्बामा देखं व्हतं. कोरं व्हतं. तू मनी लाज राखी, मंग मी तुनी राखी."

दोन म्हातारे एकमेकांकडे बघत होते. एकाने मित्राचा मान राखण्यासाठी चांगलं रबर फेकून दिलं होतं, दुसऱ्याने मित्राचं खोटं उघडं पडू नये म्हणून आपला पाय. मला दोघांचाही भयंकर राग आला. मी ओरडणार होते, की अरे, एक शब्द, कुणीतरी एक शब्द बोलला असता तर! तेवढ्यात नानांनी मान वळवता येत नव्हती म्हणून अख्खं अंग माझ्याकडे वळवलं.

"आन तू व? तुले काहीच नही समजनं?"

नाही म्हणता आलं असतं. मी सहा दिवस धुळ्याला असायचे, मला कोण दोष देणार होतं? पण त्या दोघांनी एवढं सांगून टाकल्यावर माझ्याच्याने खोटं बोलवेना. त्या हिवाळ्यात गॅरेजमधून निघताना, मळ्याच्या बांधावरून येताना, नाना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत. आमच्या घरात तशी रीत नव्हती. माझ्या लग्नात सासरी जातानासुद्धा त्यांनी मला जवळ घेतलं नव्हतं, लांबूनच ‘जा, बेटा’ म्हणाले होते. आणि आता हे, भर रस्त्यात, लोकांदेखत. पन्नाशीच्या बाईला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की मी चाल हळू करायचे, गाडीपर्यंतचं अंतर वाढावं म्हणून. खांदा रात्री दुखायचा, तरी खाली त्यांच्या पायांकडे मी एकदाही बघितलं नाही. धुळ्याला परत गेल्यावर नवऱ्याला सांगितलं होतं, नाना या वयात हळवे झालेत.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. म्हटलं, "नाना, मला वाटलं तुम्ही लाडाने हात ठेवता."

त्यांनी शालीतून हात बाहेर काढला, तो तसाच मांडीवर राहिला.

"लाड बी व्हता, बेटा," ते म्हणाले. "पन भार जास्ती व्हता."